मास्टर्सला 'गोल्फची पंढरी' म्हणणाऱ्यांसाठी

तिरका_पटर (धागाकर्ता)
काल एका गटात एकाने लिहिलं, 'मास्टर्स ही गोल्फची पंढरी, बाकीच्या तीन मेजर नुसत्या जत्रा.' (मेजर म्हणजे गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा; मास्टर्स त्यांतली एक, अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल क्लबात होते.) खाली बदामांचा पाऊस. मी दोन ओळींत शंका काढली तर उत्तर आलं, 'आधी गोल्फ समजून घ्या.' समजून घेतलंय, म्हणूनच लिहितोय.

चौघींत ही शेंडेफळ. द ओपन (ब्रिटनमधली) १८६० ची, यूएस ओपन १८९५ ची, पीजीए चॅम्पियनशिप १९१६ ची आणि ही १९३४ ची. बॉबी जोन्सने १९३० मध्ये ग्रँड स्लॅम (एकाच वर्षी चारही मोठ्या स्पर्धा) मारला तेव्हा त्यानेच पुढे सुरू केलेल्या या स्पर्धेचा पत्ता नव्हता, चारांतल्या दोन तर हौशी खेळाडूंच्या होत्या. आजच्या चौकडीची मोट बांधली अर्नाल्ड पामरने, १९६० मध्ये, सेंट अँड्रूजला जाताना विमानात एका पत्रकाराशी गप्पा मारता मारता. त्या वर्षीची मास्टर्स आणि यूएस ओपन त्याच्या खिशात होती! ज्याच्या हातात दोन पत्ते, त्यानेच हुकूम ठरवला. (ती ओपन मात्र केल नेगलने एका फटक्याने मारली.)

आता फील्ड, म्हणजे खेळणाऱ्यांची संख्या बघा. बाकी तिन्हीकडे १५६ खेळाडू, इथे नव्वदीच्या आसपास. त्यात आयुष्यभराचं आमंत्रण असलेले, कट चुकवायलाच (म्हणजे दोन फेऱ्यांनंतर बाद व्हायलाच) येणारे माजी विजेते आणि चार-सहा हौशी पोरं. दोन्ही ओपनला पात्रता फेऱ्या खेळून कुठलाही क्लब प्रो (क्लबात गोल्फ शिकवणारा) घुसू शकतो. इथे क्लब पत्रिका पाठवणार. पंढरीला जायला वारकऱ्याला पत्रिका लागत नाही.

अटलांटाकर
गृहपाठ चांगला, निष्कर्ष वाया. पामरच्या आधी, १९५३ मध्ये बेन होगनने मास्टर्स, यूएस ओपन आणि ओपन एकाच वर्षी मारल्या तेव्हा न्यूयॉर्कने त्याची मिरवणूक काढली होती. ती काय विमानातल्या गप्पांमुळे?

मोठेपण वयाने येत नाही, आठवणीने येतं. बाकी मेजर दरवर्षी गाव बदलतात, ही एकटी दर एप्रिलला त्याच जागी. त्यामुळे बारावा होल म्हटलं की माझ्या सासूबाईंनाही तो ओढा दिसतो, आणि त्यांनी आयुष्यात काठी फक्त गुडघेदुखीसाठी धरली. २०१६ ला जॉर्डन स्पीथ शेवटच्या दिवशी नऊ होलनंतर पाच फटके पुढे होता, त्याच बाराव्या होलवर दोन चेंडू पाण्यात घातले, तीन फटक्यांच्या होलला सात मोजले. मागच्या चार पीजीए कुठे झाल्या, न बघता सांगा बरं.

मी स्वतः जाऊन आलोय. सरावाच्या दिवसाच्या तिकिटाची लॉटरी नऊ वर्षं भरल्यावर लागली. टीव्हीवर उतार कळतच नाही हो. दहावा होल म्हणजे घाट उतरल्यासारखा, गुडघे बोलायला लागतात. फोन आत नेता येत नाही, पळायला बंदी. खुर्ची मांडून तुम्ही दिवसभर भटका, परत याल तेव्हा जागेवर. आणि चीज सँडविच दीड डॉलरला. दीड!

गावठी_बर्डी
खुर्ची मांडून जायचं म्हणजे आपलं एसटीत खिडकीतून रुमाल टाकणंच की. त्यात काय एवढं.

अटलांटाकर
फरक आहे. तिथे रिकाम्या खुर्चीवर दुसरा बसतो आणि मालक आला की हसून उठतो. आपल्याकडे रुमालावर बसलेला उलट विचारतो, 'नाव लिहिलंय का?'

कोथिंबीरवडी
गोल्फमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण दीड डॉलर वाचून जखम उघडी पडली. गेल्या वर्षी लेकीला घेऊन क्रिकेटच्या सामन्याला गेले होते. (मैदानाचं नाव घेत नाही.) दारावर तिची स्टीलची बाटली काढून घेतली. ठीक, बाटली जड. मग डबा उघडायला लावला आणि दोन दशम्या बाहेर काढून टेबलावर ठेवल्या. ती भोकाड पसरायची बाकी होती. आत एक गार समोसा, किंमत विचारू नका, आणि पाण्यासाठी अर्धा तास रांग. श्रीमंतांचा क्लब दीडमध्ये खाऊ घालतो, आपण गरिबांच्या खेळात दशमी जप्त करतो.

तिरका_पटर
अवांतर नको प्लीज. सँडविच स्वस्त आहे म्हणून स्पर्धा थोर ठरत नाही. त्या न्यायाने अन्नछत्राला मेजरचा दर्जा द्या.

गावठी_बर्डी
कोथिंबीरवडीताई, सुरक्षेचं कारण असतं. १९९६ ची ईडन गार्डन्सवरची उपांत्य फेरी विसरलात? बाटल्या आपल्याच लोकांनी फेकल्या, सामना श्रीलंकेला द्यावा लागला.

कोथिंबीरवडी
बाटली कबूल. दशमी फेकून कोणाला लागते?

निंबोणी
मूळ मुद्द्यावर येते. धागाकर्ते, पंढरीची उपमा खोडताना जरा जपून. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला का बसावं लागलं होतं? वारकऱ्याला पत्रिका लागत नव्हती, जात मात्र विचारली जात होती. त्या अर्थाने तुमच्या त्या गटातल्या भक्ताची उपमा चपखल आहे, त्याच्या नकळत.

ऑगस्टा क्लबावर मास्टर्समध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू खेळला १९७५ ला, ली एल्डर. कृष्णवर्णीयच असलेल्या चार्ली सिफर्डने १९६७ आणि १९६९ ला अमेरिकेच्या व्यावसायिक टूरवर स्पर्धा जिंकल्या, त्याला कधीच बोलावणं गेलं नाही. टूरवर जिंकणाऱ्याला आपोआप प्रवेश, हा नियमच १९७२ पर्यंत नव्हता. 'निमंत्रण' हा शब्द किती सोज्वळ वाटतो नाही?

आणि बायका: २००३ आणि २००४ ला, बायकांना सभासद करा म्हणणाऱ्या आंदोलनाची झळ प्रायोजकांना बसू नये म्हणून क्लबने प्रक्षेपणातल्या जाहिरातीच काढून टाकल्या. म्हणजे कोट्यवधींवर पाणी सोडलं, पण एका बाईला सभासद केलं नाही. तो दिवस उजाडला २०१२ ला, कॉन्डोलिझा राइस आणि डार्ला मूर.

तिरका_पटर
साने गुरुजींचा मुद्दा मान्य, मुकाट्याने. पंढरी मागे घेतो. वाडा म्हणू या. जुना, दिंडीदरवाजाचा, ओसरीवर कोण बसणार हे आजोबा ठरवणार.

अटलांटाकर
१९७५, २००३... किती दिवस उगाळणार? २०१९ पासून महिलांची हौशी स्पर्धा घेतात की.

निंबोणी
घेतात! पहिल्या दोन फेऱ्या दुसऱ्याच कोर्सवर आणि फक्त शेवटची ऑगस्टावर. मंगल कार्यालय पुरुषांना तीन दिवस आणि हळदीकुंकवाला संध्याकाळचे दोन तास, त्यातली गत. वर 'आभार माना' हा सूर.

अटलांटाकर
मी 'आभार माना' कुठे म्हटलं? शब्द तोंडात घालू नका. अमेरिकेत राहतो म्हणजे प्रत्येक गोष्टीला माना डोलावतो, हा समज इथल्या लोकांचा कधी जाणार? माझ्या क्लबात मी एकटा तपकिरी आहे. कोण कसं बघतं ते मला पुण्यात बसून शिकवू नका.

निंबोणी
मी नाशिकची.

दोन_नंबरचा_आयर्न
पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, आता बोलतो. जीव मिल्खा सिंग २००७ ला पहिला भारतीय म्हणून तिथे टी-ऑफला (पहिला फटका मारायला) उभा राहिला तेव्हा आमच्या चाळीत एकाच घरी क्रीडा वाहिनी होती. त्यांना गोल्फ लावायला सांगितलं तर म्हणाले, 'कुणी मेलंय का?' पुढे पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरीही तिथे खेळला.

गावठी_बर्डी
पुण्यात जन्मला म्हणजे पुणेकर होतो का?

दोन_नंबरचा_आयर्न
पुण्यात वाद नको. मुद्दा: फील्ड लहान असतं हे खरं, पण जिंकणं सोपं आहे का? रोरी मॅकलरॉयने बाकी तिन्ही मेजर २०१४ पर्यंत मारल्या. या एकीसाठी अकरा वर्षं घासली. २०११ ला चार फटके पुढे असताना शेवटच्या दिवशी त्याला तब्बल ८० फटके लागले. २०२५ ला आम्ही रात्रभर जागलो, सोमवारी आंबेडकर जयंतीची सुट्टी होती म्हणून बायकोने परवानगी दिली. तेराव्यावर साधा वेजचा फटका ओढ्यात, अठराव्यावर पाच फुटी पट (चेंडू भोकात ढकलायचा फटका) चुकला, बरोबरी झाल्यावर प्लेऑफमध्ये जस्टिन रोझला हरवलं तेव्हा आपल्याकडे साडेचार वाजून गेले होते. तो गुडघ्यावर कोसळला तेव्हा खाली दूधवाला आला. जत्रेत माणूस असा कोसळत नाही.

तिरका_पटर
रडला म्हणून थोर? मग मालिकांनाही ग्रीन जॅकेट (मास्टर्स विजेत्याचा हिरवा कोट) द्या. एका माणसाला एक कोर्स अकरा वर्षं छळतो, यावरून त्या माणसाचं वेड कळतं, स्पर्धेची उंची नाही.

लिंबाचा_पार
एवढे दिवस नुसता वाचत होतो. माझे वडील एका क्लबात कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारे) होते, नाव सांगत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये नंबर येईपर्यंत बसायचं. खांद्यावर ओला टॉवेल. शर्टावर त्या खांद्याचा डाग कधी निघालाच नाही. 'साहेब, सात नंबरची काठी घ्या' म्हणायचे, साहेब आठ घ्यायचे, चेंडू बंकरमध्ये पडला की साहेब यांच्याकडे बघायचे. गवताचा कल पायाने कळतो, डोळ्याने नाही, असं ते म्हणत.

ऑगस्टा क्लबात १९८२ पर्यंत क्लबचेच कॅडी घ्यावे लागत, सगळे काळे. १९८३ पासून खेळाडूंना आपला कॅडी आणायची मोकळीक मिळाली आणि बहुतेकांचं काम गेलं. हा भेदभाव संपला की पोट गेलं, ते तुम्ही शिकलेल्यांनी ठरवा. बेन क्रेनशॉने मात्र आपला कार्ल जॅक्सन सोडला नाही. १९९५ ला शेवटचा पट घातल्यावर तो कमरेत वाकून रडायला लागला, मागून जॅक्सनने त्याला धरलं. त्या आठवड्यात फटका बिघडला होता तो जॅक्सननेच दुरुस्त केला होता. वडिलांना हे खूप नंतर मी मोबाईलवर दाखवलं. त्यांनी क्रेनशॉकडे बघितलंच नाही. म्हणाले, 'याचा पोशाख कोरा पांढरा आहे. धुवायला कोण देतं?'

मास्टर्स मोठी की लहान मला माहीत नाही. पण कॅडीच्या पाठीवर खेळाडूचं नाव असतं आणि कॅडी दिसतो. आमच्याकडे तो फोटोतून कापतात.

अटलांटाकर
निंबोणी, काल आवाज चढला, माफ करा. लिंबाचा पार, वडील कसे आहेत?

लिंबाचा_पार
आहेत. खांदा दुखतो. उजवा.

तिरका_पटर
या प्रतिसादावर मला उलट लिहिता येत नाही, हा माझा पराभव धरू नये. फील्डचा मुद्दा अजून कोणी खोडलेला नाही. नव्वद म्हणजे नव्वद. एप्रिलमध्ये बघणार आहेच, तेव्हा मोजून दाखवतो.

गावठी_बर्डी
म्हणजे जागणार.

तिरका_पटर
मोजायला.

कोथिंबीरवडी
सगळ्यांचं झालं असेल तर एक विचारते. त्या दारावर काढून घेतलेल्या बाटल्या सामना संपल्यावर कुठे मिळतात? लेक अजून विचारते.

गावठी_बर्डी
रुमाल टाकून ठेवायला हवा होता ताई.