दिवेआगरच्या किनाऱ्यावर धातूचा जड तुकडा सापडलाय. काय असेल? (अर्जंट)

मनवा_के
नमस्कार मंडळी. आज सकाळी ओहोटीला किनाऱ्यावर फिरताना सोबतच्या फोटोतली वस्तू सापडली. जुनी आहे हे नक्की. मधून एक पट्टी गेली आहे. नवरा म्हणतो टाकून दे, सासरे म्हणतात देवघरात ठेव. उद्या पहाटे ठाण्याला निघायचंय आणि डिकी नारळांनी भरलीय, त्यामुळे न्यायची की नाही हे आजच ठरवायचंय. जाणकारांनी कृपया लवकर सांगा.

खाडीकाठ
फोटो दिसत नाहीये. लांबी, रुंदी, वजन, रंग? "मधून पट्टी" म्हणजे कशाच्या मधून?

शिवकालीन
ताई, टाकू नका!! जवळच जंजिरा आहे हे विसरू नका. जुन्या आरमारी लढायांत दोन गोळे लोखंडी दांड्याने जोडून डागत. शत्रूच्या गलबताची शिडं-दोर फाडायला ते वापरत. पट्टी म्हणजे तोच दांडा. इंग्रजांनी 1756 साली विजयदुर्गावर हल्ला केला तेव्हा आंग्र्यांचं आरमार जळालं, त्यातलं किती काय अजून समुद्राच्या तळाशी असेल!

खाडीकाठ
विजयदुर्ग कुठे, दिवेआगर कुठे. आणि फोटो न बघताच?

अवकाशवेडा
जड + खड्डे + जुनं = उल्का. लोखंडी उल्केत निकेल असतं. बारीक तुकडा कापून प्रयोगशाळेत द्या.

खाडीकाठ
खड्डे आहेत असं त्या कुठे म्हणाल्या?

मनवा_के
फोटो चढतच नाहीये, रेंज नाही इथे. वरवंट्यासारखा लांबट आहे, वीतभर, त्यातून आरपार पट्टी. पट्टीच्या दोन्ही टोकांना भोकं. खड्डे खरंच आहेत, बरेच. रंग राखाडी, वर पांढरट पूड. सासऱ्यांनी चिंचेने घासला तर बारीक बुडबुडे आले. पण हे सगळं कशाला लागतंय? कुणी असं काही पाहिलंय का, एवढंच सांगा ना.

सुपारीबाग
चिंच बंद करा आधी! समुद्रातून आलेली धातूची वस्तू घासायची नसते, गोड्या पाण्यात बुडवून ठेवायची आणि पाणी बदलत राहायचं. आतलं मीठ हळूहळू निघतं. मी जुन्या नांगराची कडी अशीच वाचवली, आज अंगणात आहे.

बंदरवाला
त्याआधी ते दारूगोळ्यातलं काही नाही ना ते बघा. शेपटीला पंख किंवा टोकाला फिरणारी टोपी दिसली तर हात न लावता 112 ला फोन करा. नुसत्या पट्टीचं असेल तर घाबरायचं कारण नाही.

निवृत्त_इंजिनियर
फ्रिजवरचा चुंबक काढा. एकदा गोळ्याला लावा, एकदा पट्टीला. मग बोलू.

मनवा_के
गोळ्याला अजिबात नाही. पट्टीला घट्ट.

निवृत्त_इंजिनियर
मग तोफगोळाही गेला आणि लोखंडी उल्काही. दोन्ही चुंबकाला धरतात. (उल्केला बोल्टची भोकं कोणी पाडली, हाही प्रश्न आहेच.) माझ्या मते हे झिंक आहे, म्हणजे जस्ताचा ठोकळा. जहाजावर आयुष्य गेलं, गोदीत असे ढिगाने बदललेत. बोटीचा पंखा पितळेचा किंवा काशाचा आणि आसपासचं सामान लोखंडाचं असतं. खाऱ्या पाण्यात अशा दोन धातूंमध्ये वीज वाहते आणि लोखंड खाल्लं जातं. म्हणून सुकाणूजवळ जस्त बोल्टने बसवतात. ते आधी झिजतं, लोखंड वाचतं. तुमचे खड्डे म्हणजे हीच झीज. जस्तावर आम्ल पडलं की हायड्रोजन सुटतो, तेच चिंचेचे बुडबुडे. ही युक्ती हम्फ्री डेव्हीने 1824 च्या सुमारास ब्रिटिश आरमाराच्या तांब्याच्या पत्र्यांवर करून पाहिली होती. पत्रा वाचला, पण त्यावर शंख-शिंपले इतके माजले की जहाजं मंदावली आणि आरमाराने नाद सोडला.

खाडीकाठ
पटतंय. शेजारी भरडखोलला मच्छीमारी बोटी आहेतच. पण शिसं नसेल कशावरून? पूर्वी समुद्राची खोली मोजायला दोरीला शिसं बांधून सोडत, तेही असंच लांबट असायचं.

निवृत्त_इंजिनियर
त्याच्या बुडाला खळगा असतो. त्यात चरबी भरत, म्हणजे तळाची वाळू चिकटून वर येई. तसा खळगा आहे का? शिवाय शिशावर नखाने ओरखडा उठतो. खात्री हवी तर किराणा दुकानात वजन करा, मग काठोकाठ भरलेल्या पातेल्यात बुडवून सांडलेलं पाणी मोजा.

कायद्याचं_बोला
1878 च्या कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा गुप्त ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. दिवेआगरलाच 1997 मध्ये वाडीत सोन्याचा गणपती सापडला होता. 2012 मध्ये तो चोरीला गेला तेव्हा केवढा गहजब झाला!

बंदरवाला
तो कायदा जमिनीत दडलेल्या ठेव्याचा आहे. ट्रॉलरच्या झिजलेल्या जस्ताला जिल्हाधिकारी काय करतील?

कायद्याचं_बोला
आधी ते जस्त आहे हे सिद्ध तर होऊ द्या. शंभर वर्षांहून जुनं निघालं तर 1972 चा पुरावस्तू कायदा आहेच.

भटकी
अवांतर: दिवेआगरला चांगली घरगुती राहण्याची सोय सुचवा ना. उकडीचे मोदक मिळायला हवेत.

मनवा_के
खळगा नाही. नखाने ओरखडाही नाही. वजन 3.4 किलो. पाणी साधारण पावणेपाचशे मिली सांडलं, थोडं ओट्यावर गेलं.

निवृत्त_इंजिनियर
म्हणजे घनता सात-सव्वासात. जस्ताची 7.1. शिसं असतं तर तीनशे मिलीच सांडलं असतं. लोखंडाचा आकडाही जवळपास येतो, पण ते चुंबकाने आधीच बाद केलं. भंगारवाला घेईल. घरी वितळवू मात्र नका, जस्त फार तापलं तर त्याच्या धुराने ताप भरतो.

शिवकालीन
पट्टी तरी जुनी असू शकते.

अवकाशवेडा
चुंबकाला न लागणाऱ्या उल्काही असतात.

मनवा_के
आभार सगळ्यांचे. वस्तू गाडीत जात नाहीये. भटकी, आम्ही नातेवाइकांकडे उतरलोय, त्यामुळे राहण्याचं माहीत नाही.

दाभोळकर्ता
माझ्याकडे गुहागरला सापडलेली पितळेची गोल चकती आहे, कडेला आकडे कोरलेत. फोटो टाकू का?

खाडीकाठ
वेगळा धागा काढा. आणि माप, वजन, चुंबक पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.