गणपतीच्या कमानीवर इलायचीची जाहिरात

सेक्रेटरी: नमस्कार. गणपतीच्या कमानीसाठी एका इलायची कंपनीचा डीलर ४० हजार देतोय. मंडपाचं भाडं त्यात निघेल. हरकत असल्यास रात्रीपर्यंत कळवा.

ए-१०२: 👍 वर्गणी कमी होईल.

सी-५०३: माझी हरकत आहे. त्याच नावाची, त्याच रंगाची पुडी पान मसाल्याची आहे. २००३ च्या कायद्याने तंबाखूची आडून जाहिरातही करता येत नाही, म्हणून इलायची पुढे करतात. कोपऱ्यावरच्या टपरीवर बघा, मसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, पोरं दोन्ही फाडून एकत्र करतात. २०१२ च्या गुटखाबंदीतून काढलेली पळवाट आहे ही.

ए-१०२: ताई, मग सरकारनेच कारखाने बंद करावेत ना! आपण पैसे का सोडायचे?

सी-५०३: सरकारचेच पैसे त्यात अडकलेत, दादा. सिगारेट बनवणाऱ्या आयटीसीचे १५ टक्क्यांच्या आसपास शेअर एलआयसीकडे आहेत, म्हणजे आपल्याच हप्त्यांचे पैसे. २०१५ मध्ये काय झालं आठवतंय? पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशारा १ एप्रिलपासून छापायचा होता. संसदेच्या समितीने तो थांबवायला सांगितलं. अध्यक्ष आपल्या नगरचे तेव्हाचे खासदार दिलीप गांधी. तंबाखूने कॅन्सर होतो असा भारतातला अभ्यासच नाही, म्हणाले. समितीत अलाहाबादचे श्यामाचरण गुप्ता होते, त्यांचा स्वतःचा बिडीचा धंदा! आणि आर. आर. आबा त्याच फेब्रुवारीत तोंडाच्या कॅन्सरने गेले होते. नियम लागू झाला एप्रिल २०१६ ला. वर्षभर जुनीच पाकिटं विकली गेली.

डी-२०१: पवारसाहेबांनी तेव्हा पंतप्रधानांना पत्र लिहिलं होतं. ते स्वतः या आजारातून गेलेत.

बी-३०४: ह्यांचं ऑपरेशन झाल्यावर तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नव्हतं. वरणभात मिक्सरमधून काढून, गाळून नळीने द्यायचे. सुरुवात ऑफिसात जेवणानंतरच्या पुडीने झाली होती. ती कमान लागली तर मी आरतीला खाली येणार नाही.

ए-१०२: काकू, तुमच्यापुढे काय बोलणार. पण ४० हजार आणायचे कुठून, तेही ठरवा.

सी-५०३: ८० फ्लॅट आहेत, घरटी ५०० जास्त. माझे आत्ताच पाठवते.

डी-२०१: माझेही. शिवाय डीजे रद्द करा.

सेक्रेटरी: ठीक. डीलरला उद्या सकाळी नकार कळवतो. डीजेचं रविवारच्या मीटिंगमध्ये घेऊ, त्याला ॲडव्हान्स दिलेला आहे.