किलो-ग्रॅमचे शेकेल, गेरा कसे करायचे?

कॅम्पातली_काकू
नमस्कार मंडळी, मे महिन्यात आमच्या चर्चमध्ये मुलांचं सुट्टीतलं शिबिर असतं, यंदा मला जुन्या यरुशलेमचा बाजार मांडायला सांगितलाय. मंडईतून मसूर, हरभरे, खजूर, सुके अंजीर आणणार आणि पाटीवर किलोऐवजी शेकेल, गेरा ही बायबलमधली जुनी वजनं लिहायची ठरवलीत. आता गंमत बघा, नेटवर एक जण शेकेल ११.३ ग्रॅम म्हणतो, दुसरा ११.४, तिसरा थेट १४, आणि पाव किलोचं उत्तर येतं २२.०६५३ शेकेल, हे पाटीवर लिहू कसं? शिवाय माने नावाचं मोठं वजन ५० शेकेलचं की ६० चं यावरही एकमत नाही. कोणी नीट समजावेल का, आठवी-नववीची पोरं आहेत, लगेच उलटं विचारतात.

गुंजभर_सोनं
काकू, आधी काळ ठरवा मग आकडा आपोआप ठरतो. १४ ग्रॅमवाला म्हणजे सोर शहराचं चांदीचं नाणं, येशूच्या काळात मंदिराचा कर त्यात भरायचे. तुमचा बाजार राजांच्या काळातला असेल, म्हणजे यहूदाचा राजा हिज्कीया वगैरे, तर तेव्हा नाणं नव्हतंच, चांदी तोलून द्यायची. त्या काळातली, इ.स.पू. ८व्या-७व्या शतकातली चुनखडीची वजनं यरुशलेम, लाखीश अशा ठिकाणी खणताना सापडलीत, खाली सपाट वर घुमटी, आणि ती तोलून शेकेल साधारण ११.३३ ग्रॅम निघतो. ११.३ की ११.४ या भांडणात पडूच नका, हाताने घासलेले दगड ते, थोडं इकडेतिकडे होणारच.

बाकी नाती अशी: शेकेलचे २० गेरा (बायबल, निर्गम ३०:१३), अर्धा शेकेल म्हणजे बेका, आणि ३००० शेकेलचा किक्कार. हे ३००० पोरांकडूनच काढून घ्या, निर्गम ३८ मध्ये ६,०३,५५० माणसांनी अर्धा अर्धा शेकेल दिला, म्हणजे ३,०१,७७५ शेकेल, आणि तिथेच ते १०० किक्कार आणि वर १७७५ शेकेल असं लिहिलंय, वरचे १७७५ काढा की राहिले बरोब्बर ३ लाख. तर किक्कार सुमारे ३४ किलो. माने ५० चा धरा, यहेज्केल ४५:१२ मध्ये ६० चा येतो पण तो वेगळा हिशोब, पाटीवर दोन्ही घालू नका गोंधळ होईल.

एक किलोचं करून दाखवतो. १००० भागिले ११.३३ = ८८.२६ शेकेल. त्यातून ५० काढले, १ माने. राहिले ३८ शेकेल. .२६ ला २० ने गुणा, ५ गेरा. झालं, १ माने ३८ शेकेल ५ गेरा. पाव किलो २२ शेकेल १ गेरा. अर्धा किलो ४४ शेकेल ३ गेरा. गेऱ्याच्या खाली जायचंच नाही.

शनिवारचा_इतिहास
वरचं ठीक आहे पण त्या दगडांवरून बरेच अभ्यासक यहूदाच्या बाजारी शेकेलला २४ गेरा धरतात, २० नाही. बायबलमधले २० हे पवित्रस्थानाच्या शेकेलचे.

गुंजभर_सोनं
मान्य, पण चर्चच्या स्टॉलवर निर्गममधलं वचन दाखवायचं तर २० च बरं.

डेक्कनचा_वाणी
मला विचाराल तर उलटं करा. तेव्हाचा दुकानदार पाव किलो तोलतच नव्हता, तो दगड ठेवायचा आणि सापडलेले नेहमीचे दगड आहेत १, २, ४, ८ शेकेलचे, पुढे १६ आणि २४ चेही आहेत. म्हणजे पाटीवर 'मसूर, ८ शेकेल' लिहा आणि काट्यावर ९१ ग्रॅम तोला, सगळे अपूर्णांक गायब. आणि मजा अशी की ४ आणि ८ च्या दगडांवर इजिप्तच्या आकड्यांत ५ आणि १० कोरलेलं असतं, कारण ८ शेकेल म्हणजे इजिप्तचं एक देबेन नावाचं वजन आणि त्याचे तिथे १० भाग. पोरांना हा दगड हातात द्या आणि विचारा, यावर १० आहे मग ८ का भरतात? दहा मिनिटं गप्प बसतील.

दगड घरीच करा, प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे, आणि वजन कमी पडलं तर खालून छर्रे भरा. तुळशीबागेत साधी दोन पारड्यांची खेळण्यातली तागडी मिळते का बघा.

कॅम्पातली_काकू
अरे वा, हे आवडलं! एक विचारू, आमच्या सासूबाई म्हणतात शेकेल म्हणजे तोळाच समज. चालेल का?

गुंजभर_सोनं
जुना तोळा ११.६६ ग्रॅम, शेकेलपेक्षा जेमतेम तीन टक्के जड, तेव्हा सासूबाई बरोबर आहेत. फक्त हल्ली बरेच लोक १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात तो घेऊ नका, १२ टक्के कमी भरेल. अजून एक सोपी गोष्ट, पीम नावाचं वजन होतं, १ शमुवेल १३:२१ मध्ये येतं, शेकेलच्या दोन तृतीयांशाच्या आसपास, आणि आपलं दहा रुपयांचं नाणं ७.७ ग्रॅम आहे, जवळपास तेवढंच. स्टॉलवर नाणंच ठेवून द्या.

शनिवारचा_इतिहास
बायबलमधल्या धिप्पाड योद्धा गल्याथचं चिलखत पण लावा ना, ५००० शेकेल पितळ म्हणजे ५६-५७ किलो, भाल्याचं पातं ६०० शेकेल म्हणजे ६.८ किलो. हे पोरांना लक्षात राहतं, मसूर कोण लक्षात ठेवतंय.

डेक्कनचा_वाणी
आणि एका पिशवीत दोन दगड ठेवा, दिसायला सारखे, एक ८ चा एक ७ चा. अनुवाद २५:१३ मध्ये हेच करू नका म्हणून सांगितलंय. घेताना जड दगड, विकताना हलका, कोण पकडतंय बघू. काकू, स्टॉलवर एका पोराला लबाड वाणी करा, माझ्या नावाची बदनामी होईल पण चालेल.