मदत हवी आहे : ऑनलाइन क्लासचा करार एआयकडून तपासताना नेमकं काय विचारायचं?

मंडळी, भाचीला दहावीसाठी एका ऑनलाइन क्लासला घालायचं चाललंय. फी ७२ हजार, हप्त्यांवर. ताई 'मान्य आहे' दाबणारच होती, मी थांबवलं. पीडीएफ लांबलचक, कायद्याच्या इंग्रजीत. एका एआय चॅटबॉटला दिली आणि विचारलं, यात अन्यायकारक काय आहे?

त्याने दोन अटी काढल्या. वाद झाल्यास फक्त बेंगळुरूचं न्यायालय, आणि कंपनी अटी केव्हाही बदलणार, वेबसाइटवर टाकलं की ग्राहकाला कळवलं असं धरायचं. पण मला सगळ्यात खटकलेली अट त्याने 'नेहमीची' म्हणून सोडली. क्लास सोडला तरी हप्ते चालूच, कारण कर्ज वेगळ्या वित्त कंपनीचं! परताव्याचे नियम तर पीडीएफमध्ये नाहीतच, एका लिंकमागे आहेत. पुन्हा विचारलं तर यादीच बदलली, शिवाय करारात नसलेलं एक वाक्य त्यात घुसलं.

कसं विचारायचं? आणि आम्ही साताऱ्याचे, बेंगळुरूच्या अटीला भ्यायचं का?

प्रतिसाद १
'अन्यायकारक' एवढंच विचारलंत तर तो कुठल्याही देशाची फूटपट्टी लावेल. फ्लॉरेन्सच्या युरोपियन युनिव्हर्सिटी इन्स्टिट्यूटचा 'क्लॉडेट' प्रकल्प करारातल्या अन्यायकारक अटी एआयने शोधण्याचाच, पण त्याचा पाया अशा अटींबद्दलचा युरोपीय संघाचा १९९३ चा निर्देश. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(४६) मध्ये 'अन्यायकारक करारा'ची व्याख्या आहे. त्यात सहा प्रकार दिलेत : अवाजवी अनामत, नुकसानीच्या मानाने भरमसाट दंड, कर्ज मुदतीआधी फेडू न देणं वगैरे. तो मजकूरच चॅटबॉटला द्या. एकेक अट वेगळी टाका, मूळ वाक्य जसंच्या तसं उतरवायला सांगा आणि 'कशातच बसत नाही' हे उत्तरही चालेल असं बजावा. नाहीतर तो ओढूनताणून काहीतरी बसवतो. उतरवलेलं वाक्य पीडीएफमध्ये शोधून बघा. लिंकमागचे नियमही त्याला द्या, तो आपणहून उघडेलच असं नाही.

बेंगळुरूचं सोडा. याच कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे ग्राहक राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. फक्त करारच अन्यायकारक ठरवून हवा असेल तर राज्य आयोगाकडे जावं लागतं.

प्रतिसाद २
हप्त्यांची भानगड क्लासच्या करारात कळणारच नाही. कर्जाचा करार वेगळा मागा, सोबत 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्चाचा थोडक्यात तक्ता. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावं लागतं. मराठीत मागा बिनधास्त.

धागाकर्ता
मागितलं. क्लासवाले म्हणतात, आधी पहिला हप्ता भरा, मग ईमेलवर येईल. ताईला सांगितलंय, कागद येईपर्यंत ओटीपी द्यायचा नाही.