मायोर्का: मर्राचीत भाड्याने घर हवंय, पण नेमकं कुठल्या गावात?

नमस्कार मंडळी,

नवरा दोन महिन्यांपूर्वी नोकरीसाठी स्पेनच्या मायोर्का बेटावर, तिथल्या राजधानीत पाल्माला गेला. मी आणि साडेचार वर्षांची लेक ऑगस्टमध्ये जाऊ. पाल्मातली भाडी ऐकूनच घाम फुटला, म्हणून शेजारच्या मर्राची नगरपालिकेत घर बघतोय. (सासूबाईंना नाव सांगितलं तर म्हणाल्या, "अगोबाई, तिथेही मराठी?")

गोंधळ असा की जाहिरातीत सगळीकडे 'मर्राची' लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात ती पाच-सहा गावांची मोट आहे. नगरपालिकेची कचेरी सा काबानेताला, कुंभारवाडे पोर्तोलला आणि पाल्मा-इंका आगगाडी जाते पोंत दिंकातून. आम्ही मूळचे वाघोलीचे, त्यामुळे शहराला खेटून गावं फुगतात म्हणजे काय होतं ते माहीत आहे. वस्ती आधी, शाळा नि रस्ते मागाहून.

मला आवडलंय पोर्तोल. नवऱ्याने तिथून मातीची शिट्टी आणलीय, सिउरेल म्हणतात तिला. घोड्यावर बसलेला माणूस, पांढरा चुना फासलेला, वर लाल-हिरवे फराटे आणि मागे फुंकायची नळी. व्हिडिओ कॉलवर त्याने ती वाजवली तेव्हापासून लेक "आपण शिट्टीच्या गावात राहायचं" म्हणून हटून बसलीय. पण तिथे आगगाडी नाही आणि मला गाडी चालवता येत नाही.

खरी अडचण पुढेच. पोर्तोलमधलं एक घर जवळपास ठरलं होतं. मालक म्हणाले, करार अकरा महिन्यांचा, 'हंगामी' म्हणून, आणि त्या पत्त्यावर पाद्रोन करायचा नाही. पाद्रोन म्हणजे नगरपालिकेची रहिवासी नोंद. ती नसेल तर लेकीच्या शाळेचं काय? ओळखपत्राचं काय? शाळेत सगळं कातालानमध्ये, म्हणजे तिथल्या स्थानिक भाषेत असतं म्हणे, तेही खरं का?

तिकडे राहिलेलं कुणी असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, मी पाल्मात तीन वर्षं काढलीत. ते घर सोडा.

राहत्या जागेची नोंद करणं हा कायद्याने तुमचा हक्कही आहे आणि कर्तव्यही. चालू भाडेकरार हातात असेल तर मालकाची वेगळी परवानगी लागत नाही. पण जो माणूस आधीच 'पाद्रोन नको' म्हणतो, तो पुढे उन्हाळ्यात घर रिकामं करा म्हणायलाही कमी करणार नाही. 'हंगामी' शब्दाची मेख वेगळीच आहे. स्पेनच्या 2023 च्या घरांच्या कायद्याने कायम राहण्याच्या घराची दलाली मालकाने भरायची असते. हंगामी दाखवलं की ती तुमच्या गळ्यात. करारावर 'विविएंदा आबितुआल', म्हणजे कायम राहण्याचं घर, असं लिहून मागा.

शाळेच्या प्रवेशात घराच्या किंवा आईवडिलांच्या नोकरीच्या जागेजवळ असण्याला गुण असतात, म्हणून पत्ता महत्त्वाचा. परदेशी ओळखपत्रासाठी बोटांचे ठसे द्यायला जाल तेव्हाही बहुधा पाद्रोनचा दाखला मागतात. कातालानचं खरं आहे, सरकारी शाळेत बरंचसं शिक्षण त्यातच होतं. लेक सहा महिन्यांत बोलेल. तुमचं आणि नवऱ्याचं सांगता येत नाही.

गाडी नसेल तर पोंत दिंका बघा. दिसायला पोर्तोलइतकं गोड नाही, हमरस्त्यावरची वस्ती आहे, पण आगगाडीत बसलात की दहा-एक मिनिटांत पाल्मा. शिट्ट्यांसाठी मार्चमधल्या मातीच्या जत्रेला जा, फिरा देल फांग म्हणतात. लेकीला एक सोडून चार घ्या, फुटतात फार.

धागाकर्ती

खूप आभार! नवऱ्याला आत्ताच कळवलं. तो म्हणतो, पोंत दिंकात स्टेशनपासून चालत जाण्याजोगं एक घर आहे, पण तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. लेक अजून रुसलेलीच आहे. तिथल्या उन्हाळ्यात वरचा मजला कितपत तापतो, हे कुणी सांगेल का?