मदत हवी आहे: थंडीत माळ्यावर उदमांजर, आता हाकलू की फेब्रुवारीपर्यंत थांबू?

तापीकाठ_यावल
राम राम मंडळी. सातपुड्याच्या पायथ्याचं जुनं धाब्याचं घर. मागच्या पडवीवर पन्हाळी पत्रे, खाली लाकडी माळा, पत्रा आणि भिंतीत चार-पाच इंचांची फट. तीन आठवडे झाले, रात्री अकराला वर धावपळ, पहाटे चारला पुन्हा. भिंतीच्या कडेला एकाच जागी बोराच्या बियांनी भरलेली विष्ठा, आणि वास चक्क बासमती भातासारखा. नेटवर रॅकूनबद्दल वाचलं की बर्फात ते ढोलीत पडून राहतात आणि थंडी सरली की बाहेर पडतात. तसंच समजून थांबू का? शेजारी म्हणतात डांबरगोळ्या टाका. गावात काही जण मसण्याऊद म्हणून घाबरवतायत ते वेगळंच.

रानवाट
फेब्रुवारी बरोबर आहे भाऊ, कारण चुकीचं आहे.

रॅकून आपल्या रानात नाहीच. तो उत्तर अमेरिकेतला. शरद ऋतूत चरबी साठवतो आणि कडाक्याच्या बर्फात आठवडे-आठवडे ढोलीत पडून राहतो. ती खरी शीतनिद्रा नव्हे. शरीराचं तापमान फारसं उतरत नाही, जरा ऊब आली की तो बाहेर येतो. उदमांजराला हे काहीच लागू नाही. खान्देशात पारा आठ-दहा अंशांवर आला तरी ते रोज रात्री हिंडतं. त्याला तुमच्याकडे कोरडी जागा आणि जवळ खाणं मिळालंय, म्हणून ते बसलंय. उन्हाळा लागला म्हणून उठून जाणार नाही.

थांबायचं ते पिल्लांसाठी. उदमांजराची पिल्लं वर्षभर कधीही होतात, पण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जास्त दिसतात. एका वेळी दोन ते पाच, आणि दूध सुटायला साधारण दोन महिने. आत्ता फट बुजवली तर आई बाहेर आणि पिल्लं आत. आई पत्रा उचकटेल, नाहीतर पिल्लं मरून पडवीत बसणं मुश्कील होईल.

सुताराचा_पोर
आधी खात्री करून घ्या.

फटीत वर्तमानपत्राचा बोळा सैल कोंबा आणि खाली ताटभर रांगोळी पसरा. पाच बोटं उमटली तर उदमांजर, चार असतील तर साधी मांजर. (मुंगसालाही पाच बोटं असतात, पण ते दिवसा फिरतं.) हे दोन-तीन रात्री पाहा. पौर्णिमेच्या आसपास आणखी दोन रात्री द्या, लख्ख चांदण्यात ते कमी हिंडतं. ते बाहेर गेल्यावर माळ्याखाली कान लावा. बारीक चिवचिव आली तर पिल्लं आहेत. मग काही करू नका, ती आईमागे बाहेर पडायला लागेपर्यंत थांबा.

पिल्लं नसतील तर एकतर्फी झडप. बाकीच्या फटी *आधी* बुजवा, हेच लोक विसरतात आणि जनावर दुसरीकडून आत येतं. मग अर्ध्या इंची चौकटीच्या वेल्डमेशचा तुकडा घ्या, फटीपेक्षा चारी बाजूंनी तीन इंच मोठा. वरच्या कडेला बिजागरी, खालच्या कडेला जाड सळई बांधून वजन द्या. झडप फक्त बाहेर उघडायला हवी. खालची कड भिंतीपासून सुटी राहिली तर ते बाहेरून पंजाने उचलून आत जातं, बहुतेक झडपा इथेच फसतात. सलग चार-पाच रात्री बोळा हलला नाही की झडप काढून तिथे तीच जाळी कायमची ठोका, जे-हूक आणि वॉशर लावून. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी नको, ती फाकते. फोमही ओरबाडून काढतं.

केळीबाग_रावेर
पडवीत केळीचा घड पिकायला टांगलेला आहे का? असेल तर झडपेचा काही उपयोग नाही. बागेतला हिरवा घड त्याला फारसा लागत नाही, पिकलेल्यावर मात्र तुटून पडतं. घड, गळालेली पपई, बोरं, कोंबड्यांचं खाणं, सगळं संध्याकाळच्या आत उचला. पत्र्यावर आलेली निंबाची फांदी पाच-सहा फूट मागे छाटा. उंदीर खातं म्हणून गोठ्याकडे आलं तर असू द्या, तिथे फायदाच आहे.

तापीकाठ_यावल
घड आहे, दोन आहेत. आजच हलवतो. गोळ्यांचं काय? आणि पिंजरा?

रानवाट
डांबरगोळ्यांची वाफ माळ्यावरून घरात उतरते, ती माणसांनाच बाधते. उंदराचं औषध तर मुळीच नको, मेलेलं जनावर माळ्यावर शोधत बसाल. पिंजरा लावू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते संरक्षित आहे, परवानगीशिवाय पकडणं गुन्हा. पत्र्यात अडकलं किंवा जखमी दिसलं तर वनविभागाच्या 1926 वर फोन करा. मसण्याऊद मढी उकरतं ही निव्वळ भीती, त्याचं खाणं तुम्ही विष्ठेत पाहिलंच की.

दवाखाना_फैजपूर
साफसफाईचं कुणी सांगितलं नाही. वाळकी विष्ठा झाडू नका, धूळ नाकात जाते. मास्क आणि रबरी हातमोजे घाला. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी शिंपडून दहा मिनिटं भिजू द्या, मग खरडून पिशवीत बांधा. उकळतं पाणी ओता म्हणतात ते रॅकूनच्या विष्ठेतल्या जंतांच्या अंड्यांसाठी, ती ब्लीचनं मरत नाहीत. इथे गरज नाही. चावलं-ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

तापीकाठ_यावल
आत्ता कान लावला. चिवचिव येतेय.

सुताराचा_पोर
मग जाळी आणून ठेवा, ठोकू नका. आवाज बंद झाला म्हणूनही लगेच नको, बोळ्याची परीक्षा पुन्हा पहिल्यापासून.