मदत हवी आहे: दहावी झालेल्या १६ वर्षांच्या मुलाला सरकारी योजनेतून अप्रेंटिसशिप मिळते का? (नाशिक)

ओझरची_आत्या

नमस्कार मंडळी,

भाच्यासाठी विचारतेय. यंदा दहावी झाला, वय १६. दादाची पिंपळगाव बसवंतजवळ थोडी द्राक्षबाग आहे. पोरगा पुस्तकात फारसा रमत नाही, पण हात विलक्षण चालतो. मागच्या हंगामात फवारणीच्या ऐन गडबडीत ब्लोअरचा पंप प्रेशर धरेना. मिस्त्री लगेच यायला तयार नव्हता. याने पंप उघडला, व्हॉल्व्हवर बसलेली औषधाची खपली काढली, सील बदलले. एवढ्यावर थांबला नाही. सगळ्या नोझलच्या चकत्या काढून जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडल्या, एकेक उजेडाकडे धरून पाहिली आणि भोक झिजून मोठं झालेल्या बाजूला काढल्या. मग दादाला म्हणाला, "पप्पा, या बाजूने औषध जास्त जातंय, म्हणून तिकडच्याच घडांवर डाग पडतायत." आणि खरंच तसंच होतं.

दादाला त्याला अकरावी सायन्सला घालायचंय. वहिनीचं म्हणणं, चार पैसे येतील असं काहीतरी बघा, बागेचं काही खरं नाही. मला वाटतं शिक्षण आणि काम दोन्ही बरोबर व्हावं. स्वित्झर्लंडमध्ये याच वयाची मुलं आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस शाळेत असतात. आपल्याकडे सरकारच्या पैशातून असं काही आहे का, हे शोधतेय.

मला कळलंय ते एवढं: १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात किमान वय १४ आहे. केंद्राच्या नॅप्स (राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन) योजनेत स्टायपेंडचा काही भाग सरकार देतं. मग नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत विचारलं, तर गेटवरच "१८ पूर्ण आहेत का?" नाहीत म्हटल्यावर पुढचं ऐकूनच घेतलं नाही. कायदा १४ म्हणतो, गेट १८ म्हणतं, आणि पोराला १८ व्हायला अजून दोन वर्षं आहेत. या दोन वर्षांचं काय करायचं?

आणखी एक. ओळखीतला एक जण म्हणतो, १५ हजार भरा, अप्रेंटिस म्हणून लावून देतो. दादा तयार होण्याच्या बेतात आहे, म्हणून घाईने लिहितेय. कृपया माहीतगारांनी सांगावं.

निवृत्त_निदेशक

ताई, आधी शेवटचं. एक रुपयाही देऊ नका. अप्रेंटिसची नोंदणी केंद्राच्या पोर्टलवर होते आणि ती फुकट असते. कंपनी, उमेदवार आणि उमेदवार १८ च्या आतला असेल तर पालक, यांच्यात करार होतो, त्याला पोर्टलवर नंबर पडतो. तो नंबर नसेल तर तो मुलगा अप्रेंटिस नाही, हेल्पर आहे. उद्या बोट कापलं तर कोणी ओळख दाखवणार नाही. दादांना हे माझ्या नावाने सांगा.

आता पैशांचं. २०१९ च्या नियमांत दहावी पासला किमान ६००० रुपये महिना ठरले होते, आयटीआय झालेल्याला ७०००. दुसऱ्या वर्षी १० टक्के वाढ. यातला २५ टक्के, पण जास्तीत जास्त १५०० रुपये, केंद्र सरकार देतं. आता तो हिस्सा थेट उमेदवाराच्या खात्यात येतो, म्हणून खातं आधारला जोडलेलं हवं. बाकीचं कंपनी देते. म्हणजे 'सरकारी पैशातून' म्हटलं तरी मोठा भार कंपनीवरच असतो, आणि म्हणूनच कंपनी निवडून घेते.

माझा स्पष्ट सल्ला: आयटीआय. प्रवेशाला वय १४ पुरे. सातपूरला त्र्यंबक रोडवर आहेच, पण आधी तालुक्याच्या आयटीआयमध्ये कोणते ट्रेड (व्यवसायाचे अभ्यासक्रम) आहेत ते बघा, येण्याजाण्यात पोराचा दिवस मोडायला नको. दोन वर्षांचा ट्रेड केला की वय १८ आणि हातात राष्ट्रीय प्रमाणपत्र. ती दोन वर्षं फुकट जात नाहीत. उलट फ्रेशर म्हणून, म्हणजे आयटीआय न करता, जाणाऱ्याला आधी मूलभूत प्रशिक्षण घ्यावं लागतं, आयटीआयवाल्याचं ते झालेलं असतं. त्याची उमेदवारी बहुतेक ट्रेडना वर्षभरात संपते.

अनेक पालकांना आणखी एक गोष्ट माहीत नसते. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय करून राज्य मंडळाचे भाषा विषय दिले की बारावीची समकक्षता मिळते. आणि पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. 'सायन्स सोडलं म्हणजे रस्ता बंद' असं दादांना वाटत असेल तर तसं नाही.

काही आयटीआयमध्ये ड्युअल पद्धत असते, थिअरी संस्थेत आणि प्रात्यक्षिकाचा काही काळ कंपनीत. तुम्ही स्वित्झर्लंडचं लिहिलंत, त्याच्या सगळ्यात जवळचं आपल्याकडे हेच. प्रवेश घेताना त्या ट्रेडला ती सोय आहे का, हे मुद्दाम विचारा. न विचारता कोणी सांगत नाही.

सिडको_एचआर

गेटवरचं १८ कुठून येतं, ते सांगतो. १९४८ च्या जुन्या कारखाना कायद्यात १५ ते १८ वयोगटातल्याला कामाला ठेवायचं तर डॉक्टरचं फिटनेस प्रमाणपत्र लागायचं, कामाच्या तासांवर आणि धोक्याच्या मशिनवर बंधनं यायची. धोकादायक उद्योगांत शिकाऊ उमेदवाराचंही किमान वय १८ आहे. ही कटकट नको म्हणून कंपन्या सरसकट १८ लावतात. बेकायदा काही नाही, पण मुलांचं नुकसान होतं हे मान्य.

दुसरी बाजूही बघा. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. सातपूर, अंबड, सिन्नर मिळून जागा भरपूर निघतात. १८ वर्षांचा, आयटीआय झालेला, खरंच मशिन उघडून बघितलेला मुलगा मिळाला तर आम्ही सोडत नाही. मुलाखतीत त्याने तो नोझलचा किस्सा सांगावा. गुणपत्रिकेपेक्षा मी ते जास्त धरेन.

एक मात्र आधीच माहीत असू दे: अप्रेंटिसशिप संपल्यावर नोकरी द्यायचं कायद्याने बंधन नाही.

व्होकेशनलवाली

आत्या, मी तिसरा रस्ता सांगते. मी अकरावी-बारावी व्यवसाय अभ्यासक्रमातून केली, ज्याला सगळे अजून एमसीव्हीसीच म्हणतात. कॉलेज ते कॉलेज, मित्रमैत्रिणी त्याच, शिवाय प्रॅक्टिकल. बारावीनंतर नॅट्सच्या (केंद्राची दुसरी शिकाऊ उमेदवारी योजना) पोर्टलवर नाव नोंदवलं, मुंबईच्या अप्रेंटिसशिप बोर्डाखाली एक वर्ष केलं. त्यात किमान स्टायपेंडचा निम्मा हिस्सा सरकारचा असतो, म्हणून लहान कंपन्याही घेतात.

पण डोळे उघडे ठेवून जा. मला एका कंपनीत सुरुवातीला नुसतं पॅकिंगला उभं केलं होतं. कराराची प्रत माझ्याकडे होती, त्यात मेंटेनन्स लिहिलं होतं. बोर्डाला मेल केला, मग जागा बदलली. प्रत नसती तर वर्ष तसंच गेलं असतं. म्हणून करार झाला की त्याच दिवशी प्रत घरी आणायची. आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत शिकाऊ उमेदवाराला सरकारच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या परवानगीशिवाय ठेवता येत नाही, हेही त्याला पाठ करून ठेवू दे.

देवळालीकर

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आहे की. बारावी पासला ६००० देतात.

निवृत्त_निदेशक

देवळालीकर, ती १८ ते ३५ वयाच्यांसाठी, आणि शिक्षण चालू असलेल्यांना नाही. या मुलाला दोन्हीकडून बसत नाही.

ओझरची_आत्या

सगळ्यांचे मनापासून आभार. १५ हजारांचं प्रकरण थांबलं. कराराच्या नंबराबद्दल दादाने त्या माणसाला विचारलं, तर "ते नंतर बघू" असं उत्तर आलं. दादाला तेवढं पुरलं.

दादाला सगळ्यात पटलं ते बारावीच्या समकक्षतेचं आणि थेट दुसऱ्या वर्षाचं. वहिनीला दोन वर्षं स्टायपेंड नाही याचं वाईट वाटतंय, आणि तिची अडचण खरी आहे, मी तिला बोल लावत नाही. सुट्टीत आणि हंगामात तो गावातले ब्लोअर दुरुस्त करून थोडं कमवेल, यावर तूर्त जमलंय.

सर, ट्रेडचा एक प्रश्न राहिला. त्याला डिझेल मेकॅनिक करायचंय. फिटर घ्यावा का?

निवृत्त_निदेशक

डिझेल मेकॅनिक एक वर्षाचा आहे. संपेल तेव्हा मुलगा १७ चा आणि पुन्हा त्याच गेटवर. शिवाय मी वर लिहिलेली बारावीची समकक्षता दोन वर्षांच्या ट्रेडची आहे. फिटर दोन वर्षांचा, आणि ओझरच्या एचएएलपासून (विमान कारखाना) सिन्नरपर्यंत सगळीकडे चालतो. इंजिनाचीच ओढ असेल तर मोटार मेकॅनिक किंवा कृषी यंत्रांचा मेकॅनिक, दोन्ही दोन वर्षांचे. पण पसंती त्याला भरू द्या. आवडीच्या यादीत फिटर वर ठेवा आणि अर्जाला पर्याय भरपूर द्या. गुणवत्ता यादी दहावीच्या गुणांवर लागते.

ओझरची_आत्या

समजलं. फॉर्म भरायच्या आधी त्याला घेऊन तालुक्याच्या आणि सातपूरच्या, दोन्ही आयटीआयचं वर्कशॉप दाखवून आणते. ड्युअल पद्धतीचं तिथेच विचारते. पिंपळगाव-निफाड भागातून सातपूरला रोज ये-जा करणारं कोणाचं मूल असेल तर बसच्या वेळा आणि पासचं कृपया इथे लिहा.